आखाडातल्या शेवटच्या सात्या

माझ्या मायनं माझ्या बी.ए.साठी सात्या सोडल्या होत्या.

सात्या म्हणजे पावसाळ्यात वारुळावर उगवणाऱ्या पांढऱ्या छत्र्या. कुणी टेकोडे म्हणतात, पुस्तकात भूछत्र. आमचं गाव गुडीहत्नूरच्या पलीकडं, नाल्याच्या काठाला. नाल्याच्या त्या अंगाला नेरडीगोंड्याकडं जाणारा सागाचा डोंगर. बा वांगी-मिरच्या लावायचा आणि आदिलाबादच्या बाजारात नेऊन विकायचा. मटण घरात सणावारी. सात्या फुकटच्या, आणि मायच्या मते मटणाहून सरस. मी हैदराबादच्या कॉलेजात निघालो त्या दिवशी ती बासरच्या सरस्वतीला बोलली, की पोरगं शेवटची परीक्षा पास होईस्तोवर सात्यांना तोंड लावणार नाही. असा नवस आमच्याकडं एकाच रीतीनं फिटतो. ज्याच्यासाठी सोडलं, त्याच्या हातचा पहिला घास खायचा.

तिला वाटलं असेल, एक-दोन पावसाळ्यांचा प्रश्न आहे. कॉलेज किती वर्षांचं असतं हे आमच्या घरात कुणाला ठाऊक असणार? निजामाच्या अमलात सगळी विद्या उर्दूतून. मी घरात मराठी आणि बाजारात तेलुगू बोलणारा पोरगा. इंटरला एकदा आपटलो. त्याही साली तिनं घरच्यांसाठी सात्या रांधल्या, वाढल्या, आणि आपण मिरचीच्या ठेच्याशी भाकर खाल्ली. हे मला आत्यानं सांगितलं. आत्या म्हणजे बाची थोरली बहीण, विधवा, आमच्याच घरी राहायची. कुठलीही गोष्ट पोटात ठेवणं तिला जमत नसे.

शेवटी पास झालो. आसपासच्या गावांत पहिला बी.ए. मी. त्याचा मला तेव्हा गर्व होता, आजही आहे. आदिलाबादच्या सरकारी शाळेत, मदरशात, मुदर्रिस म्हणून लागलो, म्हणजे मास्तर झालो, आणि त्याच उन्हाळ्यात मायचं पोट फुगू लागलं. डॉक्टरनं मला बाजूला घेतलं. पोटात गाठ आहे म्हणाला, हिवाळ्यापर्यंतही धरून चालू नका म्हणाला. मी ते घरात कुणाला सांगितलं नाही. मायला सांगायची गरज पडली नाही.

तर तिच्यासाठी हा एवढाच पावसाळा होता, आणि तोच उशिरा आला. आखाड अर्धा कोरडा गेला. श्रावण लागला की आमच्या घरात सात्या चालत नाहीत, त्या मटणात धरतात. मग थेट पोळ्यानंतर. पोळ्यापर्यंतचा महिना मायच्या अंगात आहे की नाही, हे तिच्याकडं बघणाऱ्याला कळत होतं.

आखाडाच्या शेवटच्या आठवड्यात पाऊस लागला. त्याच सुमारास माझा हैदराबादचा दोस्त आला. कॉलेजात आम्ही एका खोलीत राहायचो, मी नापास झालो तेव्हा त्यानंच मला पुन्हा फारसी शब्द घोकायला बसवलं होतं. त्याच्याकडं काळ्या डब्यासारखा कॅमेरा होता. मायनं तो हातात घेऊन उलटापालटा करून पाहिला.

"याच्यात काय रायते रे?"

"जो तुम देखना बोले, वो, अम्मा."

"मंग मले वारुळावरच्या उभ्या सात्या दाखव, बाबू. टोपल्यातल्या त मी पाहीनच. औंदा चालत जाणं काई होत नाई माह्याच्यानं."

अवस जुम्म्याच्या दिवशी, शुक्रवारी आली, मदरशाला सुट्टी होती. दिव्याची अवस ती. आमच्याकडं तिला जिवतीची अवसही म्हणतात. सांजेला घरातले सगळे दिवे घासूनपुसून लावायचे, आणि माय लेकरांना ओवाळते. दिवे लागले की श्रावण घरात आला. त्याच्या आत सात्या आणायच्या होत्या.

सकाळीच निघालो. आत्या पुढं, गल्लीतल्या चार बाया, मी आणि दोस्त. सात्या शोधायची रीत आहे. सापडल्या तर ओरडायचं नाही, तिथंच मुकाट्यानं खाली बसायचं. बाकीच्यांनी बसलेला माणूस पाहून यायचं. ओरडलं तर वारूळ रुसतं म्हणतात. हे ठाऊक नसल्यामुळं दोस्त पहिल्याच चढावर दम लागून बसला, आणि पाचही बाया टोपल्या सांभाळत त्याच्याभोवती जमा झाल्या.

"कुठं हायेत रे?" आत्यानं विचारलं.

"क्या कहाँ है?"

"याले सांग, अथी बसायचं नाई. दमला अशीन त उभ्यानं दम."

सगळ्या हसल्या. तोही हसला, कशाला ते त्याला नंतर कळलं.

दरवर्षीची वारुळं एकेक करून पाहिली. ओली होती, पण रिकामी. एकीला दोन-चार सडलेल्या छत्र्या मिळाल्या, त्यात अळ्या. दुपार टळली तशी बायांची थट्टा कमी झाली. त्यांची टोपली आज रिकामी गेली तरी चाललं असतं, हे त्यांनाही कळत होतं. त्या आमच्या टोपलीसाठी फिरत होत्या.

मी वळून पाहिलं तेव्हा एका जुन्या मोहाखाली आत्या बसलेली होती. पदराचं टोक तोंडात धरून, गप्प. तिच्यापुढं वारुळाची एक बाजू पांढरीशुभ्र झाली होती. काही छत्र्या उघडलेल्या, काही अजून मिटलेल्या, ओल्या मातीतून एकमेकींना रेटत वर आलेल्या.

दोस्त चिखलात आडवा झाला. कॅमेरा दगडावर टेकवला आणि आम्हाला श्वाससुद्धा घेऊ नका म्हणाला. झाडाखाली उजेड कमी, त्यामुळं तो ढगातून ऊन निघायची वाट पाहायचा, खटका दाबायचा, पुन्हा वाट पाहायचा.

"त्याले म्हणा, सात्या काई पळून नाई चालल्या," आत्या म्हणाली, "पण आखाड चालला."

मी त्याला घाई केली नाही. फोटो मायनं मागितला होता. नंतर आत्या कितीतरी वर्षं त्या फोटोपायी उशीर झाला म्हणायची. पाऊस वरच्या डोंगरावर, आम्हाला सात्या सापडायच्या आधीच पडून गेला होता, एवढंच मी तिला सांगत आलो.

नाल्याला आलो तेव्हा दिवस मावळतीला होता आणि नाला भरून चालला होता. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून आलो होतो. आता पाय टेकायचे उताराचे दगड दिसत नव्हते. पलीकडं आमचं घर समोरच, वांग्यांच्या वाफ्यांच्या वर. एरवी हाक मारली तर ऐकू जायचं. त्या दिवशी पाण्याच्या आवाजात आपलंच बोलणं आपल्याला ऐकू येत नव्हतं.

गावात इकडं तिकडं दिवे लागायला लागले. आमचं घर अंधारात.

आत्या माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "तुया बा थांबून राह्यला. दिवा लावून नाई राह्यला तो."

मग आम्ही पाण्याकडं बघणं सोडून घराकडंच बघत राहिलो. ते काळं होतं तोवर आमच्या घरात आखाड होता. पाणी थोडं उतरलंसं वाटायचं, मी पाय घालायचो, आत्या मागून सदरा ओढायची. दोस्त टोपली छातीशी धरून उभा.

आणि दिवा लागला. आधी दारात एक. मग ओट्यावर ओळीनं, समया, निरांजनं, कंदील, घरात जेवढं म्हणून पेटवता येईल तेवढं सगळं. त्या उजेडाची तिरीप पाण्यावर आली, आणि उताराचे दगड कुठं आहेत ते पाण्याच्या फेसावरून दिसू लागलं. थोड्या वेळानं आम्ही हात धरून, कमरेएवढ्या पाण्यातून, त्याच उजेडात पार झालो. आत्या रडत होती. मला आधी कळलंच नाही का ते. मी तर दगड दिसले म्हणून सुखावलो होतो, दिवे लागले म्हणजे आखाड संपला हे त्या घडीला विसरलोच होतो.

बा अंगणातच भेटला. टोपलीकडं त्यानं पाहिलं आणि मान फिरवली.

"मी लावू देत नव्हतो," तो म्हणाला. "काडीपेटी खिशात घालून बसलो होतो. तुयी माय म्हणे, लेकरू अंधारात पाण्यात शिरीन. लावा दिवे. सगळे लावा."

माय ओट्यावरच्या खाटेवर उशाला टेकून बसली होती. तिनं निरांजन मागितलं आणि बसल्या जागी मला ओवाळलं. तिचा हात बानं खालून धरला. मग दोस्तालाही ओवाळलं. मी टोपली पुढं केली. तिनं एक छत्री उचलून नाकाशी धरली, डोळे मिटले.

"बारीक हायेत औंदा."

बा म्हणाला, "खाऊन घे एक घास. देवीले समजते सगळं."

"देवीले समजते तसं मले बी समजते," माय म्हणाली. "दिवे लागले आता. पोळा झाल्यावर पाहू." मग दोस्ताकडं पाहून, "पाहुण्याले श्रावण नाई. त्याले करून वाढा. अंगणातल्या चुलीवर."

चुलीपाशी आत्या बसली, पण रांधलं मायनंच, खाटेवरून. कांदा अजून लाल होऊ दे, तीळ कुटून घाल, पाणी नको घालू, त्याइले आपलंच पाणी सुटते. वास घरभर भरला. दोस्ताला खाटेसमोर बसवलं. भाकर मोडून त्यानं पहिला घास घेतला. माय त्याच्या तोंडाकडं बघत होती.

"कशा झाल्या, बाबू?"

"बहुत अच्छी है, अम्मा."

"तिखट त नाई झालं?"

"नहीं अम्मा. एकदम बराबर है."

ती समाधानानं मागं टेकली. त्यानं ताट पुसून खाल्लं. सकाळी तो फोटो धुवायला म्हणून हैदराबादला निघाला.

पोळ्याआधीच माय गेली. फोटो टपालानं आला तेव्हा तिचे दिवस झाले होते. तीनांतला एकच नीट उठला होता. मोहाचं खोड, वारूळ, आणि काळ्यावर पांढऱ्या सात्या, अगदी उभ्या. बानं तो खूप वेळ पाहिला आणि मला परत दिला. "तिले दाखवायचा होता," एवढंच म्हणाला.

नवस राहिला होता. मोठी माणसं म्हणाली, आईचा राहिलेला नवस लेकानं खाऊन फेडायचा असतो. मी बी.ए. झालेला माणूस, अशा गोष्टींवर वाद घालायचो. त्या वेळी घातला नाही. पोळा झाल्यावर एका सकाळी आत्या एकटीच डोंगरात गेली. परत आली, अंगणात टोपली ठेवली आणि काही न बोलता तिच्याजवळ खाली बसली. बा आणि मी बाहेर आलो. तळाशी ओंजळभर सात्या होत्या.

तिनं त्या मायच्या सांगण्यासारख्याच केल्या. कांदा लाल, तीळ कुटलेले, पाणी नाही. हैदराबादला गेल्यापासून पावसाळ्यात मी कधी घरी नसायचो, त्यामुळं इतक्या वर्षांत मीही त्या चाखल्या नव्हत्या. बानं आपल्या हातानं मला घास दिला.

"कशा झाल्या?" आत्यानं विचारलं.

"चांगल्या झाल्या," मी म्हणालो.

खरंच फार चांगल्या झाल्या होत्या.