नासते ती मासळी

बोईसरच्या कारखान्यांचा वास नाकात शिरण्याआधी जिभेवर बसतो. नाणे चोखावे तशी ती आंबट, धातूची चव मला अजून आठवते. त्या सकाळी शेजारच्या सालवड गावात कामगारांच्या भाड्याच्या खोल्यांतून मी लैंगिक अत्याचाराविषयीची पत्रके वाटत होते. रात्रपाळी करून आलेल्या बायका थकल्या होत्या. खरे सांगायचे तर मीही. 'अत्याचार' म्हटले की दारे हळूच लोटली जात.

"दीदी, काग़ज़ बढ़िया है, डिब्बे में बिछाऊँगी," एक म्हणाली. सगळ्या हसल्या. मीही हसले.

दुपारी पालघरजवळच्या माहीमला पोहोचले. पानवेलींची ओली सावली संपली आणि उन्हात वलांडी (बोंबील वाळवण्याचा बांबूंचा मांडव) दिसली. जबड्यात जबडा अडकवलेले बोंबील जोडीजोडीने लटकत होते. त्यांच्याखाली बसून मी पत्रक वाचून दाखवले. समोर बोंबील अडकवत बसलेल्या हिराबायचे हात मात्र थांबले नाहीत. तिची बावीस वर्षांची मुलगी रेश्मा बोईसरच्या एका कारखान्यात जाई. तिथल्या मुकादमाने तिच्यावर बळजबरी केली, हे साऱ्या आळीला ठाऊक होते. तेव्हापासून तिने उंबरा ओलांडला नव्हता.

"तुमचा कागद काय करील, बाय?" हिराबाय म्हणाली. "माझी पोर नासली."

शेजारच्या काशीमावशीने हातातली टोपली आपटली. "ए हिरा, नासते ती मासली. पोर काय बोंबील हाय? नासला तो मुकादम! त्याला टाक उकिरड्यावर."

कुणीतरी फिस्सकन हसले आणि लगेच गप्प झाले. हिराबायचे हात आता थांबले.

मी कवितेत वाढलेली. शब्द तोलण्यात वर्षे घालवलेली. पण पत्रकात मी 'अत्याचार' लिहिला आणि घराघरांत जिभेवर पडून असलेले 'नासली' हे क्रियापद मला दिसलेच नाही. गुन्हा त्याचा, आणि नासणार ती!

पत्रक मिटून मी हिराबायच्या घराच्या अर्धवट लोटलेल्या दाराकडे तोंड केले; आत रेश्मा होती. पालघरच्या मदत केंद्रात डॉक्टर आहेत, वकीलबाई आहेत. उपचार लगेच मिळतील, तक्रार करायची की नाही ते तू ठरव, मी शेजारी बसेन, एवढेच सांगितले. 

मी उठले. निघताना 'जाते' म्हणू नये, म्हणून त्या दाराला "येते" म्हटले. पुन्हा येण्याचे त्राण अंगात नव्हते.

रिक्षा पालघरकडे धावू लागली तेव्हा उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा मांडीवर होता आणि शीण तसाच होता. शेजारी रेश्मा बसली होती; तिच्या ओढणीला सुक्या मासळीचा, उन्हाचा वास होता.  अशा प्रवासातून माणूस काय घेऊन परततो? मी माझाच शब्द घेऊन परतले. मघाशी मी रिक्षात पाय ठेवला, तेव्हा दारात चपलांत पाय सरकवत रेश्मा मला म्हणाली होती, "येते."