पाचवा ‘का’

मशीन बंद पडलं की तो आधी त्याच्यावर तळहात ठेवायचा. हातात पाना नाही, टेस्टर नाही. मिनिटभर तसाच उभा राहायचा आणि म्हणायचा, “हितं दुखतंय त्येला.” खोलून बघावं तर बेअरिंग नेमकं तिथंच गेलेलं. मी क्वालिटीचा इंजिनिअर. माझं कंपन मोजायचं यंत्र दहा मिनिटांनी तेच सांगायचं, पण तोवर त्याचा चहा पिऊन झालेला असायचा.

तुमच्याही कंपनीत असा एकजण असेलच. नीट बघा, राउंडला आलेला मॅनेजर तुमच्याकडे बघून नुसती मान हलवतो आणि त्याच्या खांद्यावर हात टाकतो.

तो चाकणजवळच्या एका गावातला, आयटीआय झालेला, मेंटेनन्सला होता. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, तरी मला ‘सायेब’ म्हणायचा. त्यात कुठं टोमणा सापडतोय का, हे मी बारा वर्षं शोधत होतो. सापडला नाही, म्हणून जास्तच राग यायचा.

एकदा चिंचवडला आमच्या घरी येऊन त्यानं मिक्सर दुरुस्त करून दिला. पैसे घेतले नाहीत. आमच्या हिनं त्याला गरम थालीपीठ वाढलं, वर लोण्याचा गोळा. “किती गुणी माणूस आहे नाही?” ती मला म्हणाली. त्या दिवशी माझ्या ताटात सकाळचीच पोळी होती. हसू नका, माणूस अशाच गोष्टींनी जळतो.

मग कळलं की तो नोकरी सोडतोय. भोसरीत त्यानं गाळा बघून ठेवला होता, स्वतःच्या वर्कशॉपसाठी. “आता सोताचं काय तरी करावं म्हन्तो, सायेब.” हेच वाक्य मी दहा वर्षं बायकोला ऐकवत होतो. तो ते खरं करून दाखवणार होता. माझा नुसता जळफळाट झाला.

त्याच्या निरोपाची म्हणून आम्हा सहाजणांची थायलंडची सहल ठरली. ट्रॅव्हल्सवाल्यानं तिकिटांबरोबर प्रवास विम्याचे कागद दिले, ते आम्ही बॅगेच्या तळाशी टाकले. तिसऱ्या दिवशी जेवताना सगळ्यांनी बिअर मागवली. मी तीन घेतल्या. त्यानं एक घेतली, तीही आमचा आग्रह म्हणून. दुपारी मला मळमळायला लागलं, तर हा हॉटेलच्या स्वयंपाकघरात गेला आणि भाषा येत नसताना नुसत्या खाणाखुणांनी लिंबू-पाणी करून घेऊन आला. येताना ओल्या पायरीवरची फरशी हलली. त्याच्या मांडीचं हाड मोडलं.

हॉस्पिटलात ताबडतोब ऑपरेशन करायचं ठरलं. विमा कंपनीनं फोनवर सांगितलं, घटनेचं लेखी वर्णन पाठवा. लिहिणार कोण? अर्थात मी. तिकडे एवढ्या वेदनेतही त्यानं नर्सला हसवलेलं मला ऐकू येत होतं. आमच्या मॅनेजरचा पुण्याहून त्याच्यासाठी तिसरा फोन येऊन गेला होता.

आमच्या कंपनीत अपघात झाला की पाच वेळा ‘का’ विचारायचं असतं. उत्तर लिहायचं, त्याला पुन्हा ‘का’, असं मुळापर्यंत जायचं. विमा कंपनीनं यातलं काही मागितलं नव्हतं. पण मी सवयीनं पाच आकडे टाकले. का पडला? पाय घसरला. का? फरशी ओली आणि सुटलेली होती. खरं कारण इथं संपलं होतं. पण खाली तीन आकडे मोकळे होते. का दिसली नाही? लक्ष नव्हतं. लक्ष का नव्हतं? तो पुरता सावध नव्हता. पाचव्या ‘का’पुढे मी लिहिलं: मद्यपान.

सवय होती, हे खरं. पण लिहिताना मला थोडं बरं वाटलं, हेही खरं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्यात एक खोट निघाली होती.

सही करताना त्यानं कागद वाचलासुद्धा नाही.

क्लेम नाकारला गेला. अपघात दारूच्या अमलाखाली झाला, म्हणून भरपाई नाही. मी चौकशी केली तेव्हा कळलं की, एक बिअर घेतली एवढ्यावरून विमा जात नाही. दारूमुळे अपघात झाला, असं दिसलं तर जातो. हॉस्पिटलच्या कागदांत दारूचा उल्लेखच नव्हता. तो फक्त माझ्या कागदात होता. मी दुसरं पत्र पाठवलं, फरशीचा फोटो जोडला. उत्तर आलं, हे पहिल्या निवेदनाशी जुळत नाही.

गाळ्यासाठी साठवलेले पैसे त्या ऑपरेशनला लागले. भेटायला गेलो तेव्हा त्याच्या मुलीनं विमा कंपनीचं पत्र मराठीत समजावून सांगितलेलं होतं. म्हणजे त्याला सगळं कळलं होतं. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, “आवं, एक घेतलीच व्हती की मी. तुमी काय खोटं लिव्हलं न्हाई.” मी चहा घेतला आणि उठलो. माफी मागायला गेलो होतो, ती तशीच परत घेऊन आलो.

मांडीत रॉड घेऊन मशीनवर चढता येत नाही. त्यामुळे जुन्या नोकरीवर राहणंही जमलं नाही. आता गावात भावाच्या पिठाच्या गिरणीवर बसतो, असं ऐकतो. वर्कशॉपचं कुणी विचारत नाही.

गेल्या महिन्यात एक अनोळखी गृहस्थ कंपनीच्या गेटवर मला शोधत आले. त्यांची बायको रिक्षातून पडली होती आणि हातात विम्याचा फॉर्म होता. “गिरणीवर बसत्यात त्यांनीच धाडलंय,” ते म्हणाले. “म्हनले, फारम भरायचा तर सायबांकडंच जा. लई बारीक इचार करून लिवत्यात.”

मी त्यांना आत बसवलं, फॉर्म पुढे घेतला, आणि अपघाताच्या वर्णनाचा रकाना आला तसा हात थांबला. माझं कुणी एवढं घालवलं असतं, तर मी त्याच्या दारात कुत्रंसुद्धा पाठवलं नसतं. आणि ह्यानं माणूस पाठवला होता. एवढं मन ह्याला कुठून मिळालं? लाज वाटायला हवी होती, वाटलीही. पण खरं सांगतो, तिच्याही आधी मला त्याचा हेवाच वाटला.