ओकबुनताईचं वय

मोकपोच्या मासळीबाजारात ओकबुनताई कोलॅजनचं क्रीम विकायची. जाहिरात एकच, तिचं तोंड. "सापाच्या वर्षात जन्मलेली मी, बहात्तर चालू आहे," म्हणत ती तुकतुकीत गाल पुढे करायची, की खाऱ्या वाऱ्यात सुरकुतलेल्या आम्ही बाया डबीसाठी हात पुढे करायचो. मी सहासष्टची आणि माझं तोंड म्हणजे सुकं बोंबील.

मला थोरली बहीण नाही, म्हणून तिला ताई म्हणायला फार बरं वाटायचं. जेवताना तिनं चमचा उचलल्याशिवाय आम्ही कुणी उचलत नसू. नववर्षाला मी तिच्यापुढे गुडघे टेकून वाकायचे. नवरा गेल्यावर बाजारातला माझा गाळा विकून लेकाकडे सोलला जावं का, हेही तिलाच विचारलं. "सत्तरी बघितलीय मी. ऐक माझं, गाळा सोडू नकोस," ती म्हणाली. मी सोडला नाही. लेक रागावला, त्याचा फोनही हल्ली क्वचितच येतो.

परवा आम्ही नेहमीसारख्या बाजारामागच्या सार्वजनिक न्हाणीघरात गेलो होतो. गरम पाण्याच्या हौदात बसलो होतो, तर पासष्टीची एक अनोळखी बाई काठावर येऊन म्हणाली, "ओकबुनच ना गं तू? ये, पाठ घास माझी."

माझं डोकंच फिरलं. आमच्यात धाकटी थोरलीची पाठ आधी घासते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. "ओ बाई, वडीलधाऱ्यांशी बोलायची ही रीत? पाच-सात वर्षांनी मोठ्या आहेत त्या तुमच्याहून."

"मोठी? हिला पाठीला बांधून फिरवलंय मी. शेजारचीच आमच्या. मेंढीच्या वर्षाची ही, अठ्ठावन्न चालू आहे."

ताई आता हिला झापणार म्हणून आम्ही बघत राहिलो. ताई उठली, हिरवा खरखरीत हातमोजा चढवला आणि खाली मान घालून त्या बाईची पाठ घासू लागली.

  माकूल विकणारी तोकसिम हळूच म्हणाली, "म्हणजे अठ्ठावन्नच्या बाईचं तोंड अठ्ठावन्नचंच आहे की." कुणी हसलं नाही.

घासून झाल्यावर ती माझ्याजवळ आली. "ताई," म्हणाली. मला. "अठ्ठावन्नच्या बाईकडून क्रीम कोण घेतं, सांगा?"

क्रीम गेलं खड्ड्यात. "सत्तरी बघितलीय म्हणालीस. मग गाळ्याचं कुणाच्या जिवावर सांगितलंस मला?"

तिनं मोजा पिळला.

"तुम्ही सोलला गेला असता, तर दुपारी मी कुणाबरोबर जेवले असते?"

 ती मागे बसली आणि माझी पाठ घासू लागली. आता थोरली मीच होते.