भवानीचा खण

गज आडवा आला. लाकडी गज, कापड मोजायचा, टोकांना पितळ बसवलेला. माझा एक पाय उंबऱ्याच्या आत होता, एक बाहेर, आणि छातीसमोर तो गज.

"ए, पुढं हो. इथं मासळी घेत नाहीत."

"मासली इकाया न्हाय आले. लुगडं बघाचं हाय."

"तुझ्यासारखीची लुगडी फूटपाथवर मिळतात. आणि ती पाटी लांब घे आधी. वास मारतोय."

आत गादीवर दोन बाया बसल्या होत्या. एकीनं पदर नाकाला लावला. दुसरी हसली. गज धरणारा गुमास्ता त्यांच्याकडे बघून हसला, म्हणजे आपण किती तत्पर आहोत ते त्यांना कळावं. वर भिंतीवर भारतमातेची तसबीर होती. तिला ताजा हार घातला होता. तिच्या अंगावरही लुगडंच होतं.

मी पायरी उतरले. कान तापले होते. पण मी भांडले नाही. मुरुडच्या बाजारात एखाद्यानं नुसतं "मासळी शिळी आहे" म्हटलं तर त्याच्या सात पिढ्या उद्धरणारी मी, मुंबईच्या त्या फूटपाथवर तोंड मिटून उभी राहिले. कारण हा अपमान करून घेण्याचे मला पैसे मिळणार होते.

ते कसं, ते सांगते.

मी मुरुडची कोळीण. नवरा दुसऱ्याच्या होडीवर जायचा. दोन हंगाम दर्या कोरडाच गेला, तेव्हा मी माझगावच्या कोळीवाड्यात मावशीकडे आले आणि डोक्यावर पाटी घेऊन दारोदार मासळी विकू लागले. गावदेवीच्या एका इमारतीत एक साहेब राहायचा. एका मोठ्या कापडगिरणीत बडा अधिकारी. त्याची बायको पापलेटं निवडत होती आणि साहेब दारातच पेपर उघडून उभा होता. पेपराची मागची बाजू माझ्यासमोर. मी सहज वरचा मथळा मोठ्यानं वाचला.

साहेबानं पेपर खाली केला. "तुला वाचता येतं?"

"सातवी पास हाय, साहेब. मुरुडच्या शालंत."

त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "कमाल आहे. दिसतेस मात्र अगदी कोळीण!"

तेव्हा मला ती शाबासकी वाटली. आज त्या वाक्याची किळस येते.

दुसऱ्याच दिवशी त्यानं मला ऑफिसात बोलावलं. त्यांच्या गिरणीची स्वतःची कापडाची दुकानं होती, मुंबईत, पुण्यात. साहेब परदेशात जाऊन एक युक्ती शिकून आला होता. दुकानात खोटं गिऱ्हाईक पाठवायचं. गुमास्त्यांना पत्ता लागू द्यायचा नाही. ते कसे बोलतात, कसे वागतात, ते खोट्या गिऱ्हाइकानं साहेबाला येऊन सांगायचं. दर दुकानामागे पगार. जाण्यायेण्याचा खर्च वेगळा. आणि काम फत्ते झालं तर वर बक्षीस. काम फत्ते होणं म्हणजे काय, ते तो बोलला नाही आणि मी विचारलं नाही.

मावशी म्हणाली, "पगारदार बाय झाली गो आमची! आता आमाला वलख दिशील ना?" सगळा कोळीवाडा मला चिडवत होता, आणि मला ते आवडत होतं. डोक्यावरची पाटी सुटणार, एवढंच मला दिसत होतं.

म्हणून पहिल्या दिवशी मी नटून गेले. चोळून अंघोळ केली. ठेवणीतलं लुगडं नेसले, अंबाड्यावर वेणी माळली, बांगड्या घातल्या. साहेबानं बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"अशी नको. बाजारातून उठून आल्यासारखी जा. पाटी घे. थोडी सुकट टाक तिच्यात. वास आला पाहिजे."

खुर्चीवर एक बाई बसली होती, हातात पर्स. तीही खोटं गिऱ्हाईकच, पण ती गोरी, इंग्रजी बोलणारी. तिला टॅक्सी होती. उन्हानं थकली तर हॉटेलात चहा-खाणं होतं. पुण्याला जायचं तर रेल्वेचा वरचा वर्ग होता. मला ट्राम होती. ती मला म्हणाली, "अय्या, किती अस्सल दिसतेस गं!" आणि साहेब म्हणाला, "बाहेर पाटी ठेवून आत येत जा हं. इथं वास नको."

दुकानात वास हवा होता, ऑफिसात नको होता. एवढं ढळढळीत समोर असून मला कळलं नाही. पगाराची भूल पडली की माणसाला आपल्याच वेणीची लाज वाटायला लागते. मी घरी जाऊन वेणी काढली, मळकं लुगडं नेसले, पाटी घेतली.

मग दुकानामागून दुकान. गज आडवा आलेलं ते पहिलं. दुसऱ्यात एकानं पाटीवर पाणी शिंपडलं. तिसऱ्यात हमालाला सांगितलं, "हाकल तिला." एकानं चार आणे पुढं केले, भिकारीण समजून. मी दर वेळी साहेबाकडे जायची आणि सगळं सांगायची. कोण काय म्हणालं, कोण हसलं, अक्षरन् अक्षर. साहेब मान डोलवायचा. "छान. छान चाललंय."

मला वाटायचं, माझं काम छान चाललंय. मला वाटायचं, ह्या सगळ्यांची साहेब खरडपट्टी काढणार. स्वातंत्र्य आलंय, शिकलेला साहेब आहे, जग बघून आलाय, त्याला ह्या मवाल्यांना वठणीवर आणायचंय आणि त्यासाठी त्याला माझ्यासारखी बाई हवीय. रात्री मावशीला मी हेच सांगायची. ती म्हणायची, "बघ बाय. साहेबाच्या पोटातला पानी खोल असतो."

मग त्यानं मला पुण्याला पाठवलं. रेल्वेचं तिसऱ्या वर्गाचं भाडं दिलं आणि स्टेशनपासून टांग्याचं. डब्यात सुकटीची पाटी बघून लोकांनी कालवा केला. मी पुण्यापर्यंत दाराशी बसून गेले.

दुकान नुकतंच उघडलं होतं. ऊद जळत होता. आत गिऱ्हाईक नव्हतं. मी उंबऱ्यावर थांबले, सवयीनं. आता गज येणार.

"या बाय, आत या. पाटी हितं सावलीला ठेवा."

गुमास्ता चाळिशीचा होता. मी माझं ठरलेलं वाक्य बोलले, लुगडं बघायचंय म्हणून. तो थांबला. "कुटल्या हो तुमी? मुरुडकडल्या काय?"

"व्हय."

"मी मानगावचा." त्याचा चेहराच बदलला. "बसा. लांबनं आलाव." त्यानं खुर्ची ओढली. खरीखुरी खुर्ची, बायामाणसांसाठी ठेवलेली. तांब्याभांडं आणलं. मी पाणी प्यायले. मग त्यानं लुगडी उलगडायला सुरुवात केली. हिरवं, अंजिरी, काळी चंद्रकळा. हात लावू दिला. पोत सांगितला. मी घेईन की नाही, असा भाव एकदाही तोंडावर आणला नाही.

साहेबाचा नियम होता, सगळं काढायला लावायचं आणि काही न घेता निघायचं. आजवर तो नियम पाळायची वेळच आली नव्हती, मला उंबऱ्यावरूनच हाकलत होते. आता तो माणूस समोर उभा होता, सकाळची वेळ होती आणि मी त्याचं पहिलं गिऱ्हाईक होते.

विकणाऱ्याची भवानी मोडायची नाही. हे मला कुणी शाळेत शिकवलेलं नाही. पहिलं गिऱ्हाईक माल बघून तसंच गेलं तर सगळ्या दिवसाचा धंदा बसतो. आमच्यात बाई दोन बोंबील का होईना पण घेऊन जाते, आणि ते पैसे विकणारी कपाळाला लावते. ज्याला कधी काही विकावं लागलं नाही, त्यालाच असा नियम सुचतो.

टांग्याचे पैसे माझ्या कमरेला होते. स्टेशनवरून मी चालत आले होते. त्या पैशांत मी एक खण घेतला, अंजिरी, बारीक काठाचा. माणगावच्या माणसानं पैसे डोळ्यांना लावले, कपाळाला लावले. पाटी डोक्यावर चढवायला त्यानं हात दिला. मी परत स्टेशनपर्यंत चालत गेले, आणि सगळ्या वाटेवर मला हसू येत होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले. पाटी बाहेर शिपायाजवळ ठेवली. पर्सवाली बाई आत होतीच, आपल्या टॅक्सीचा खर्च सांगत होती. साहेब तो न विचारता देत होता. मग माझ्याकडे वळला.

मी मोठ्या हौसेनं सांगितलं. खुर्ची दिली, पाणी दिलं, बाय म्हणाला. हात लावू दिला. असा एक तरी मिळाला म्हणून मी फुलून सांगत होते.

साहेब टेबलावर थाप मारून उठला. "शाब्बास! सापडला एक! मला संशय होताच." त्यानं टेबलाच्या ड्रॉवरमधून पाकीट काढलं. "हे तुझं बक्षीस."

"कोन सापडला?"

"तोच. आजच तार करतो. उद्यापासून नको तो."

मला वाटलं मी चुकीचं ऐकतेय. "साहेब, तेनं तर खुर्ची दिली मला."

"तेच तर!" साहेब पर्सवालीकडे बघून हसला. "तुझ्यासारखीला खुर्ची दिली, तर गाडीतून उतरलेली बाई त्याच खुर्चीत बसेल का? दुकान आहे ते. मासळी बाजार नाही."

"मंग तो गज आडवा धरनारा?"

"त्याला बढती दिली."

त्या क्षणी सगळं लख्ख झालं. छान, छान चाललंय. मी गिऱ्हाईक नव्हते, खोटंसुद्धा नव्हते. मी घाण होते. दुकान झाडलेलं आहे की नाही ते बघायला उंबऱ्यावर टाकलेली घाण. ती वेळेवर झाडली गेली की साहेब खूश. आणि मी वाचायला शिकले, सातवी पास झाले, त्याचा उपयोग एवढाच, की ही घाण तोंडानं हकिकत सांगू शकते.

पण आधी मला तो माणूस वाचवायचा होता. मी म्हणाले, "साहेब, मी खोटं बोलले. तेनं पन हाकललं मला. गज आडवा धरला. बक्षिसासाटी बोलले मी."

साहेब शांतपणे म्हणाला, "मग हातात काय आहे?"

खण. त्याला दाखवायला मी मोठ्या कौतुकानं आणला होता, दुकानाच्या छापाच्या कागदात. भवानी केली होती ना मी! त्या माणसाचा दिवस मोडू नये म्हणून घेतलेला खण, त्यानंच त्याचं पोट मोडलं.

"आणि ह्याला पैसे टांग्याचेच ना? टांगा केलाच नाहीस तर," साहेब म्हणाला, "ते पैसे ह्यातून कापतो." त्यानं पाकीट परत उघडलं.

मी बाहेर गेले. पाटी उचलली. शिपाई "ए, ए" करत मागे आला. मी ती साहेबाच्या टेबलावर नेऊन उपडी केली. सगळी सुकट. कागदांवर, टेलिफोनवर, पाकिटावर. पर्सवाली किंचाळत भिंतीला लागली.

"वास पायजे होता ना तुला? घे! पोटभर घे!" मी बाजारातल्या आवाजात बोलले, जिन्यापर्यंत ऐकू जाईल असं. "मी बसलेली खुर्ची इटाळली काय? माजी मासली खातंस तवा तोंड नाय इटाळत? गज धरनारा तो नव्हं. गज धरनारा तू!"

शिपायानं मला दंडाला धरून खाली आणलं. पाकीट मी तिथंच सोडलं. सुकटीचं तेवढं वाईट वाटलं, अन्न होतं ते.

तार गेलीच. त्याची नोकरी गेली.

पुढे मी मुरुडला परतले तेव्हा एका आठवडी बाजाराला एस.टी. धरून माणगावला गेले. तो सापडला. जमिनीवर गाठोडं सोडून कापड विकत बसला होता. मी त्याच्यासमोर बसून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तो ऐकत होता आणि एकच पंचा पुनःपुन्हा घडी घालत होता.

"त्येच्या आदी मीबी लय जनींना हाकललंय, बाय," तो शेवटी म्हणाला. "तुमी मुरुडकडल्या निघालाव, आयची याद आली. येक डाव मानसावानी वागलो. आता कुनाला खुर्ची देनार न्हाय."

शिवी दिली असती तर मी घेतली असती. हे घेता येईना. साहेबानं त्याची नोकरी नेली ती नेलीच, पण त्या चांगल्या माणसाच्या हातून खुर्चीसुद्धा काढून घेतली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अजून आहे.

तो खण मी शिवून घेतला. तीच चोळी घालून मुरुडच्या बाजारात मासळी विकते. किहीमच्या बंगल्यांत उतरणारे मुंबईचे शेटसाहेब मोटारीनं इकडं येतात, भाव करतात, नाक मुरडतात. मासळी देते, पण उभं राहून नाही. मी बसलेली असते, ते वाकतात.

आणि मी दुकानात जाते. अलिबागला, माणगावला, मुंबईला, जिथं जाईन तिथं. पाटीसकट जाते. वेणी माळून जाते. आत शिरले की आधी खुर्ची मागते, भाव नंतर. दिली तर बसते. नाही दिली तर स्वतः ओढून घेते. माझ्यामागून येणाऱ्या बाईला ती मागावी लागू नये, म्हणून.

गज अजून आडवे येतात. पुढचा जो येईल, तो मी धरणाऱ्याच्या हातातून काढून घेणार आहे, आणि आत जाणार आहे.