सोफ्यातले पूर्वज

गादीमास्तरला ओळखत नाही असं आमच्या गल्लीत कुणी नव्हतं, आणि त्याला स्वतःचं म्हणावं असं माणूस जगात कुठे नव्हतं. इस्पितळाच्या पायरीवर सापडलेलं पोर. अनाथाश्रमात वाढलं, तिथेच सोफे आणि गाद्या दुरुस्त करायला शिकलं. माझं शिवणाचं दुकान त्याच्या दुकानाला लागून, मध्ये एक पातळ फळी. त्याच्या घरात काय चाललंय ते मला आपोआप ऐकू यायचं, आणि जे ऐकू येत नसे ते मी सरळ जाऊन विचारायची. माझा स्वभावच तसा, त्याला इलाज नाही.

त्याची बायको साथीच्या तापात गेली तेव्हा बारकी नुकती रांगायला लागली होती. इस्पितळाच्या माणसांनी येऊन त्या बाईचं अंथरूण, लुगडी, उशी, सगळं जाळायला नेलं. फोटो काढू काढू म्हणत राहूनच गेला होता. मग गावातला कारखाना बंद पडला आणि गल्लीतली अर्धी दुकानं त्याच्या मागोमाग. चुलीचे वांधे असताना सोफ्याला नवं कापड कोण लावतो? लोक फाटक्या सोफ्यावर चादर टाकून बसायला लागले. मास्तर मोडीत निघालेले सोफे उचलून आणायचा, उसवायचा आणि आतल्या स्प्रिंगा, काथ्या, लाकूड विकून दोघांच्या पोटाचं बघायचा.

बारकी शाळेत जायला लागली तशी तिथल्या एका शहाण्या कार्टीने तिला ऐकवलं, "तुझ्या बापाला बापच नाही." मोठा सण तोंडावर आला होता. पोरगी दप्तर टाकून थेट बापासमोर उभी राहिली. "बाबा, आपलं कुणीच नव्हतं का?"

मास्तरच्या तोंडात बारीक खिळे धरलेले होते. ते त्याने एकेक करून हातावर काढले. नवा फ्रॉक घेतलेला नव्हता, गोडाधोडाचं नाव नव्हतं, आणि त्यात हा प्रश्न. सोफ्याची बैठक आणि पाठ यांच्या मधल्या फटीत लोकांचं काय काय पडतं. मालक माहीत असला तर हा बाबा पडलेलं नाणंसुद्धा परत नेऊन द्यायचा. मोडीतल्या सोफ्यांना मात्र मालकच नसायचा, म्हणून त्यातलं सापडलेलं तो एका पत्र्याच्या डब्यात टाकून ठेवी. त्या डब्यातून त्याने एक पितळी शिट्टी काढली.

"ही तुझ्या पणजोबांची. आगगाडीचे गार्ड होते. हे शिट्टी वाजवत नाहीत तोवर गाडीची हलायची टाप नव्हती. शिट्टीची कडी तुटली तर भर पावसात, चालत्या गाडीत, त्यांनी ही तांब्याची तार गुंडाळली."

त्या सणाला बारकीने शिट्टी वाजवून अख्ख्या गल्लीचं डोकं उठवलं.

मग पायंडाच पडला. प्रत्येक सणाला इतर मुलांना कपडे मिळायचे आणि बारकीला एक पूर्वज. एका काचेचा चष्मा म्हणजे बापाची आत्या, ती मास्तरीण होती. अंगुस्तान म्हणजे खापरपणजी, कुठल्याशा सरदाराचे अंगरखे शिवणारी. ते अंगुस्तान बाजारात ढिगाने मिळतं, माझ्याच बोटात तसलं होतं. पण पोरगी त्यांची नावं, खोड्या, आजार असं घडाघडा सांगायची. शाळेत मान वर करून चालायला लागली होती. माझ्याने बोलवेना.

तरी मास्तरला एकदा एकटा गाठून झापलाच. "उद्या उघडं पडलं म्हणजे?"

"ताई, तिला दुसरं काय देऊ मी?" तो म्हणाला. "आणि नसलेल्या माणसांवर हक्क सांगायला कोण येतंय?"

पुढच्या सणाच्या आदल्या दिवशी एक म्हातारी खुर्चीची गादी न्यायला आली. महिन्याभरातलं तेवढंच एक गिऱ्हाईक. मी पण तिथेच होते, गादीची खोळ मी शिवली होती. बारकी शिट्टी वाजवत आत आली आणि म्हातारीच्या हातातली पिशवी खाली पडली.

"बघू गं," ती म्हणाली. शिट्टी हातात घेऊन तिने कडीवरून अंगठा फिरवला. "ही आमच्या ह्यांची आहे. शाळेत खेळ शिकवायचे ते. जाईपर्यंत शोधत होते. सोफा विकला तेव्हा गेली असणार."

"माझ्या पणजोबांची आहे," बारकी म्हणाली. "ही तार त्यांनी गुंडाळलीय."

"तार मी गुंडाळली, बाळा," म्हातारी म्हणाली आणि रडायला लागली.

बारकीने बापाकडे पाहिलं. "बाबा, सांगा ना त्यांना."

त्याला खोटं बोलता आलं असतं. म्हातारीकडे कसला पुरावा होता? पण समोर रडणाऱ्या बाईचं घेऊन ठेवणं त्याच्या रक्तात नव्हतं, रक्त कुणाचं का असेना. "यांचीच आहे ती," तो म्हणाला. "दे."

बारकीने शिट्टी फ्रॉकला पुसली आणि देऊन टाकली. रडली नाही. आत जाऊन डबाच घेऊन आली.

"हा चष्मा?"

"सोफ्यातला."

"हे अंगुस्तान?"

मास्तरने मान खाली घातली. ती एकेक वस्तू काढून टेबलावर मांडत गेली. शेवटी तळातून एक लाकडी फणी निघाली. मी ती लगेच ओळखली. ती तिच्या आईची. तापात बाई माझ्या घरी विसरून गेली होती, म्हणून तेवढी जळायची राहिली, आणि मागाहून मीच ती मास्तरला आणून दिली होती. बाकी तिचं काही उरलं नव्हतं.

"ती तुझ्या आईची आहे," मास्तर म्हणाला. "खरंच, बारके."

"खरंच" तो दर सणाला म्हणायचा.

"अगं, मी पाहिलंय," मी मध्ये पडले. "माझ्या दारात बसून ती ह्याच फणीने केस विंचरायची. लांब होते तिचे केस. तुला मांडीवर घेऊन..."

बारकीने माझं सगळं नीट ऐकून घेतलं. "मावशी, असं सांगा म्हणून बाबांनी तुम्हाला सांगितलंय ना?" ती म्हणाली.

मग फणी उचलून तिने म्हातारीपुढे धरली.

"आजी, ही पण तुमचीच का?"