श्रावणात दार लावायचं नसतं

लाकडी घर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यासमोर काय आलं, मला माहितेय. डोंगर, धुकं, झोपाळा, हातात कॉफीचा मग, आणि शाल घेतलेला मी. शाल काढा आधी, गुदमरायला होतंय. आमचं घर घिवलीला, खाडीच्या वाऱ्यावर. बाबांची जुनी होडी मोडली तेव्हा तिच्या फळ्यांच्या भिंती झाल्या. वर कौलं. होडीला मुशी माशाचं तेल लावतात, तेच उरलेलं उन्हाळ्यात घराला. त्यामुळे धुकं नाही, पण वास भरपूर. बिस्किटाला पण येतो.

दादा बोईसरला कंपनीत. त्याचं लग्न झालं आणि वहिनी आली ती सालवडच्या बिल्डिंगमधून. तिचे पप्पा मूळ साताऱ्याकडचे, ते पण कंपनीत. थंडीत आली तेव्हा तिला घर आवडलं. मग उन्हाळा आला. लाकूड सुकलं, फळ्यांच्या फटी बोटभर झाल्या, आणि वहिनी गव्हाचं पीठ कालवून पेपरचे तुकडे चिकटवत बसली. मुंग्यांनी पीठ खाल्लं. दुपारी वासा तडकायचा, कट्ट! ती दचकायची. मला सगळे आवाज काढता येतात, त्यामुळे वासा नाही तडकला तरी ती दचकायचीच.

पावसात तर चादरी वाळेनात, चपलांना बुरशी. एकदा फोनवर बोलताना मी ऐकलं, "पप्पा, कपाटातल्या साडीवर पण पांढरं आलंय हो." झालं. पप्पांनी सालवडला खोली बघितली.

हे कळल्यापासून आई गप्प. आमची आई गप्प म्हणजे खाडीला भरती न येणं. वहिनी गेली तर दादा पण जाणार, घरात उरणार आम्ही तिघं आणि वास. दादाला विचारलं तर म्हणाला, "ती म्हणेल तसं."

श्रावणातल्या एका रविवारी पप्पा वहिनीला आणि तिच्या बॅगेला न्यायला रिक्षा घेऊनच आले. दादा आणि बाबा होडीवरची ताडपत्री बांधायला गेलेले. मला आईने रिक्षावाल्याला चहा द्यायला बाहेर पाठवलं. तेवढ्यात पावसाची झड आली, थेट दारातून आत. पप्पा सभ्य माणूस. उठले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"लावू नका!" मी बाहेरून, आई आतून. उशीर झाला होता. श्रावणात आमचं दार पाणी पिऊन एवढं फुगतं की आम्ही ते लावतच नाही, नुसती ताडपत्री सोडतो. पण बिल्डिंगमधल्या माणसाला हे कोण सांगणार? मागच्या दारात पावसाळ्याची लाकडं छपरापर्यंत रचलेली. म्हणजे व्याही आत, रिक्षा बाहेर, मीटर नाही म्हणून बरं.

मी खिडकीच्या गजांना लटकून बघत होतो. पप्पांनी कडी ओढली. मग दोन्ही हातांनी ओढली. मग भिंतीला पाय लावून.

"आरं तिच्या मारी! ह्यो दरवाजा हाय का पैलवान?"

"व्याही, बसा. संध्याकाळी उघडेल," आई म्हणाली. आठवड्यात पहिल्यांदा एवढं बोलली.

"संध्याकाळी? पोरी, असल्या खोक्यात ऱ्हातीस तू?"

मला राहवेना. मी खिडकीतून त्यांच्याच आवाजात म्हटलं, "पोरी, मला बी हितंच ठिवून घे!"

पप्पा गरकन वळले. "कोण बोललं माझ्या आवाजात?"

आईने पदर तोंडात कोंबला. वहिनी हसली नाही. पदर खोचून उठली.

"सरका पप्पा."

कडी दोन्ही हातांनी वर उचलली, खालच्या कोपऱ्यात टाच हाणली, आणि दाराला दम दिला, "चल गं बये, नाटकं नको करू!" आणि कंबरेला हिसका देत ओढलं. दार करकरलं आणि उघडलं.

मी खिडकीवर गार. ती टाच आईची, दार चुकून लागलं की ती अशीच हाणते. तो दम आईचा, शब्द न् शब्द, सूर न् सूर. या घरात नकला मी करतो, आणि मला आईची नक्कल अजून जमलेली नाही.

पप्पा दाराकडे बघत राहिले. मग लेकीकडे. "खोलीवाल्याला काय सांगू मग?"

"सांगा, नको. तिथं खिडकी उघडली की समोरच्याचं स्वयंपाकघर. इथं वारा हाय." मग खोचलेला पदर सोडत, "साड्या पत्र्याच्या पेटीत ठेवीन."

आईने लगेच चुलीवर तवा टाकला. पप्पांना तांदळाच्या तीन भाकऱ्या खायला लागल्या, आणि रिक्षावाल्याला दोन.

रिक्षा रिकामीच वळली, म्हणजे पप्पांना घेऊन, पण बॅगेशिवाय. मी टाटा करायला हात वर केला, तोच मागून कान पिळला गेला.

"आणि तुमी, भाऊजी! माझ्या बापाची नक्कल करता? लाज हाय का नाय? एवढा घोडा झाला, दाराला रंधा मारायचं सुचत नाय? पाऊस उघडला की पहिलं ते दार उतरवायचं. पप्पा गणपतीला परत येणार हायेत. तेव्हा अडकलं ना, तर ते आत झोपतील आणि तुमी होडीत!"