मॉक पोलची पाच मतं

मशीनवर राज्याच्या पक्षाला दहा मतं होती आणि देशभरच्या पक्षाला शून्य. दोन्हीकडे पाच-पाच यायला हवी होती. सकाळचे सव्वासहा वाजले होते. सातला मतदान सुरू करायचं होतं.

लोकसभेची निवडणूक होती. मी पाटबंधारे खात्यात अभियंता. माहेर सांगलीचं, नोकरी साताऱ्यात. निवडणूक आली की आमच्यासारख्यांना केंद्राध्यक्ष करतात. त्या दिवशी माझ्याकडे साताऱ्याजवळच्या एका गावची शाळा होती. खऱ्या मतदानाआधी मॉक पोल घ्यावा लागतो, म्हणजे तालीम. पक्षांच्या पोलिंग एजंटांसमोर प्रत्येक उमेदवाराला ठरावीक मतं टाकायची, आकडा जुळवायचा, मग सगळं पुसून मशीन सील करायचं.

एजंट दोनच आले होते. राज्याच्या पक्षाचे सुभेदार जाधव, सैन्यातून निवृत्त. देशभरच्या पक्षाचा संपत, खताचा दुकानदार. दोघं एकाच भावकीतले, आणि आल्यापासून त्यांचं जुंपलेलं. संपतचं म्हणणं, देश एक ठेवायचा तर पक्षही अख्ख्या देशाचा हवा, तुमच्या पक्षाला दिल्लीत कोण ओळखतं?

"दिल्लीची राखण आमी केली," सुभेदार म्हणाले. "तवा तू शाळा बुडवून चिंचा पाडत हुतास."

पुढे एकमेकांवर संशय नको म्हणून मी शक्कल लढवली. संपतनं सुभेदारांच्या चिन्हाला पाच मतं द्यायची, सुभेदारांनी संपतच्या. बाकीची बटणं माझ्या कर्मचाऱ्यांनी दाबली. निकाल वर सांगितला तोच.

"मशीन सेट हाय," म्हणत संपत दाराकडे निघाला. बाहेर साठेक माणसं रांगेत होती. हे वाक्य तिथं पोहोचलं असतं तर मशीन बदला, झोनल अधिकाऱ्यांना बोलवा, गर्दी आवरा, यातच दुपार झाली असती. वर गावाचा मशीनवरचा विश्वास गेला असता तो वेगळाच. मी दारात आडवी उभी राहिले आणि त्याला दोन मिनिटं बसायला सांगितलं.

मत कुणाला गेलं याची चिठ्ठी छापणारं यंत्र वेगळं असतं, व्हीव्हीपॅट. त्यातल्या चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या. त्याही दहा आणि शून्य. म्हणजे यंत्रं खरं बोलत होती. चूक बटण दाबणाऱ्याची होती, आणि संपतच्या चिन्हाला मत द्यायला आडोशामागे फक्त सुभेदार गेले होते. ते आता भिंतीवरचे पाढे वाचत होते.

"सुभेदार, कुठलं बटण दाबलंत?"

"आपलंच. बोट तिकडं जाईना मॅडम."

"अहो, ही मतं पुसायचीच होती."

"पुसली तरी दिल्याली असत्यात न्हवं?"

"आप्पा," संपत म्हणाला, "तुमच्या चिन्हाला लागून माझं बोट काय झडलं व्हय?"

माझं डोकं फिरायची वेळ आली होती. आधीची मतं पुसून मॉक पोल पुन्हा घेणं भाग होतं, आणि सुभेदार हाताची घडी घालून बसलेले. शेवटी विचारलं, पलटणीत लढाईचा सराव व्हायचा तेव्हा दुश्मन कोण व्हायचं? आमच्यातलीच अर्धी कंपनी, ते म्हणाले.

"तुम्ही झालात कधी?"

"दोनदा."

"मग फितूर झालात का?"

सुभेदारांनी टोपी सारखी केली आणि आडोशामागे गेले. पाच वेळा बीप वाजला. या वेळी सगळ्यांची मतं पाच-पाच भरली.

सील करून मतदान सुरू व्हायला सात वीस झाले. रांगेतल्या लोकांनी मला यथेच्छ बोलून घेतलं. झोनल अधिकाऱ्यांनी फोनवर उशिराचं कारण विचारलं, आणि नंतर लेखी खुलासाही मागितला. दिवसभरात एक इसम दुसऱ्याच्या नावावर मत द्यायला आला, तर त्याला दोघा एजंटांनी मिळून बाहेर काढलं. तेवढ्यापुरती त्यांची युती होती.

हल्ली नव्या केंद्राध्यक्षांच्या प्रशिक्षणात मी एवढंच सांगते. एजंटाला त्याचंच बटण दाबू द्या. ज्यांचा एजंट आला नाही त्यांचं आपल्या शिपायाला दाबायला सांगा, आणि शक्कल घरी ठेवून या.